खुलदाबादच्या चिश्ती शेखांच्या आचारांतील मध्यम मार्ग

१. वेरूळच्या लेण्यांवरील पठारावर वसलेलें खुलदाबाद, म्हणजे जुन्या कागदांतील रौझा, हें गांव आमच्या इतिहासभक्तांस मुख्यत्वेंकरून कबरींकरितां ठाऊक आहे. मलिक अंबर (मृत्यु इ. स. १६२६), औरंगझेब बादशहा (१७०७) आणि पहिला निजाम आसफजाह (१७४८) हे तिघेही तेथें विसावले आहेत. परंतु त्या भूमीचें माहात्म्य या राजपुरुषांच्याहि पूर्वींचें आहे. त्यांच्या कित्येक पिढ्या आधीं चिश्ती पंथाच्या दोन शेखांच्या समाधि तेथें झाल्या होत्या. शेख बुरहानुद्दीन गरीब (मृत्यु हिजरी ७३८, शके १२५९, इ. स. १३३७) हे पहिले, व त्यांचे उत्तराधिकारी शेख जैनुद्दीन शिराझी (मृत्यु हिजरी ७७१, शके १२९१, इ. स. १३६९) हे दुसरे. यांच्याविषयीं दोन चित्रें रूढ आहेत. एका चित्रांत ते शेंकडों दरवेश बरोबर घेऊन दक्षिण जिंकावयास आलेले धर्मवीर आहेत. दुसऱ्यांत ते शास्त्राची व मर्यादेची पर्वा न करणारे, केवळ चमत्कारांनीं व गाण्यानें लोकांस भारून टाकणारे अवलिये आहेत. समकालीन लेखांवरून पाहतां दोन्ही चित्रें टिकत नाहींत. त्या लेखांत दिसतो तो एका जागरूक मध्यम मार्गाचा आचार. तो कसा होता व पुढें त्याचा विसर कसा पडला, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम साधनांचा विचार करूं. सूफी परंपरेंत गुरूच्या सभेंतील बोलणें शिष्यानें टिपून ठेवावयाचें, अशा संग्रहास 'मलफूज' म्हणतात; अनेकवचनीं 'मलफूजात'. या प्रकारचा हिंदुस्थानांतील आदर्श ग्रंथ म्हणजे अमीर हसन सिज्झी या कवीनें लिहिलेला 'फवायद-उल्-फुआद'. त्यांत दिल्लीचे शेख निजामुद्दीन अवलिया यांच्या १८८ सभांची हकीकत पांच भागांत आली असून ती हिजरी ७०७ पासून ७२२ पर्यंतची (इ. स. १३०८ ते १३२२) आहे. लिहिलेला मजकूर हसन स्वतः शेखांस दाखवीत असे. त्यामुळें या ग्रंथाचें प्रामाण्य सर्वमान्य आहे. महंमद तुघलखानें इ. स. १३२७ च्या सुमारास देवगिरीस दौलताबाद नांव देऊन राजधानी केली, तेव्हां दिल्लीचे अनेक विद्वान व सूफी इकडे आले. त्यांत शेख निजामुद्दीन यांचे वृद्ध शिष्य बुरहानुद्दीन होते व हसन कविहि होता. हसनाची कबर खुलदाबादेसच आहे.

दौलताबादेंत बुरहानुद्दीन यांच्याभोंवतीं जो शिष्यवर्ग जमला त्यांत काशानी घराण्यांतील तीन भाऊ लेखक निघाले. रुक्नुद्दीन हा सरकारी दबीर, म्हणजे चिटणिशी पेशाचा मनुष्य. त्यानें 'नफायस-उल्-अन्फास' या नांवानें इ. स. १३३२ ते १३३७ पर्यंतचीं गुरुवचनें नोंदिलीं. हम्माद यानें 'अहसन-उल्-अक्वाल' हा संग्रह विषयवार रचला. मज्दुद्दीन यानें गुरूच्या अद्भुत कृतींचा 'गरायब-उल्-करामात' लिहिला. पुढें जैनुद्दीन यांचीं वचनें मीर हसन नांवाच्या शिष्यानें 'हिदायत-उल्-कुलूब' यांत गोळा केलीं. एका शहरांत, दोन पिढ्यांत, इतकें दिनांकित वा समकालीन साहित्य निर्माण व्हावें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटूं नये. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांमाणसांकडून मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. त्यानंतर तीसेक वर्षांनीं हसनानें दिल्लीस लेखणी हातीं घेतली. या दोहोंत परस्परसंबंध होता असें आम्ही सुचवीत नाहीं. गुरूचा शब्द जसा पडला तसा राखावा, ही निष्ठा दोन निराळ्या परंपरांत जवळजवळ एकाच काळीं उदयास आली, एवढेंच लक्षांत घ्यावें.

खऱ्या मलफुजांबरोबर बनावट मलफूजहि पुष्कळ आहेत, हें मात्र संग्राहकांनीं विसरूं नये. 'अनीस-उल्-अर्वाह', 'दलील-उल्-आरिफीन' इत्यादि पुस्तकें अजमेरच्या ख्वाजांपासूनच्या थोर पुरुषांच्या नांवावर चालतात. परंतु शेख निजामुद्दीन यांचे शिष्य नसीरुद्दीन 'चिराग-इ-दिल्ली' यांच्या 'खैर-उल्-मजालिस' या संग्रहांत स्पष्ट नोंद आहे कीं, आपण वा आपल्या पंथाच्या वडील गुरूंनीं कोणताहि ग्रंथ लिहिला नाहीं, असें शेख निजामुद्दीन स्वतः सांगत असत. प्रा. महंमद हबीब यांनीं इ. स. १९५० मध्यें या प्रश्नाची जी छाननी केली तिच्यानंतर त्या पुस्तकांस समकालीन पुरावा मानतां येत नाहीं.

३. आतां 'मध्यम मार्ग' हा शब्द आम्हीं कोणत्या अर्थानें योजिला तें सांगणें जरूर आहे. इस्लामी शास्त्रांत ही कल्पना मूळचीच आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यांतील १४३ व्या आयतींत श्रद्धावंतांच्या समाजास 'वसत', म्हणजे मधला, असें विशेषण आहे. भाष्यकार त्याचा अर्थ 'न्यायी' व 'उत्तम' असाहि करितात. खर्च करतांना हात आंखडूं नये व उधळूंहि नये, चालतांना व बोलतांना मर्यादा राखावी, असे उपदेश त्याच ग्रंथांत निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत तीन भाविकांची गोष्ट आहे. एकानें रात्रभर प्रार्थना करण्याचा, दुसऱ्यानें रोज उपवास करण्याचा व तिसऱ्यानें स्त्रीसंग वर्ज्य करण्याचा निश्चय केला. तो कळल्यावर पैगंबरांनीं त्यांस निवारिलें व आपण स्वतः उपवासहि करितों आणि जेवतोंहि, प्रार्थनाहि करितों आणि झोंपतोंहि, विवाहहि केला आहे, असें सांगितलें.

या वचनांस शास्त्राची बैठक देणारा पुरुष म्हणजे इमाम गझाली (मृत्यु इ. स. ११११). त्याच्या एका सिद्धांतग्रंथाचें नांवच 'अल्-इक्तिसाद फिल्-इअतिकाद', म्हणजे 'श्रद्धेंतील मितत्व' असें आहे. शब्दाला चिकटून बुद्धीस रजा देणारे एकीकडे व बुद्धीच्या जोरावर शब्द झुगारणारे दुसरीकडे, या दोहोंमधून त्यानें वाट काढिली. त्याच्या 'इह्या' या महाग्रंथांत उपवासाविषयींचा विचार मार्मिक आहे. रोजचा उपवास अंगवळणीं पडतो. एक दिवस उपवास व एक दिवस आहार हा दाऊद पैगंबराचा क्रम मनास अधिक जड जातो, म्हणून तोच श्रेष्ठ, असें तो म्हणतो. सवय झालेल्या अतिरेकापेक्षां मितत्वच कठीण असतें, हें यांतलें मर्म आहे.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांतील मिताहारविहाराचा उपदेश किंवा बौद्धांची मध्यमा प्रतिपद् आठवल्यावांचून राहणार नाहीं. साम्य खरें आहे. पण साम्य म्हणजे एकत्व नव्हे. गीतेंतील मितत्व योगसिद्धीकरितां आहे, बुद्धाचें दुःखनिरोधाकरितां, आणि येथील मितत्व ईश्वराच्या आज्ञेंत राहून माणसांत वावरण्याकरितां आहे. प्रत्येकाचें प्रयोजन निराळें ठेवूनच तुलना करावी.

४. शेख निजामुद्दीन यांच्या सभांत हाच विचार व्यवहाराच्या भाषेंत उतरला आहे. वैराग्य म्हणजे वस्त्रें टाकून लंगोटी नेसणें नव्हे, असें ते शिष्यांस सांगत. वस्त्र नेसावें, अन्न खावें, मात्र जें येईल तें पुढें देत जावें, सांठवूं नये व त्यांत जीव गुंतवूं नये, हें त्यांच्या मतें खरें वैराग्य. उपासनेचे ते दोन प्रकार करीत: जिचा लाभ करणाऱ्यापुरताच राहतो ती, उदाहरणार्थ नमाज, रोजा, हज, आणि जिचा लाभ दुसऱ्यास पोंचतो ती, उदाहरणार्थ अन्नदान, दया, साहाय्य. पहिलीस शुद्ध भावाची अट आहे. दुसरी कशीहि घडली तरी तिचें पुण्य आहे व तें अधिक आहे, असें त्यांचें मत 'फवायद' ग्रंथांत नमूद आहे. पण यावरून पहिली उपासना सोडून चालेल असा निष्कर्ष त्यांनीं कधीं काढिला नाहीं. नित्यकर्माविषयीं ते स्वतः अत्यंत दक्ष होते.

चमत्कारांचें स्थानहि त्यांनीं असेंच आंखून दिलें आहे. साधनेच्या मार्गांत शंभर टप्पे मानिले तर चमत्कार हा सतरावा. तेथेंच जो रमला त्यास उरलेले त्र्यायशीं कोठून साधणार? आमच्या हठयोगाच्या ग्रंथांतून सिद्धींविषयीं जो इशारा असतो त्याचीच ही गणिती मांडणी होय.

नसीरुद्दीन यांस अरण्यांत जाऊन एकांतांत ईश्वरचिंतन करावेंसें वाटलें. त्यांनीं अमीर खुस्रूच्या मध्यस्थीनें गुरूची अनुज्ञा मागितली. ती मिळाली नाहीं. शहरांत लोकांमध्यें राहून त्यांचा जाच सोसावा व उलट त्यांवर उपकार करावा, अशी आज्ञा झाली. खुस्रू स्वतः दरबारी होता, हसन लष्करी नोकरींतला, रुक्नुद्दीन दबीर. या सर्वांस नोकरी सोडावयास कोणी लाविलें नाहीं. मात्र ज्यास 'खिलाफत', म्हणजे शिष्य करण्याचा अधिकार, द्यावयाचा त्यास सरकारी चाकरी व जहागीर वर्ज्य होती. अधिकारभेदानें आचारभेद, हें तत्त्व आमच्या धर्मशास्त्रांतहि आहे; त्यामुळें ही योजना आम्हांस सहज समजते.

येथें एक गोष्ट लपवूं नये. शेख निजामुद्दीन यांचे स्वतःचे उपवास फार कडक होते. मशिदींतून व दुकानांच्या कट्ट्यांवर किती माणसें उपाशीं निजलीं असतील या विचारानें पहांटेचा घांस त्यांच्या गळ्याखालीं उतरत नसे, असें मीर खुर्दच्या 'सियर-उल्-अवलिया' या चरित्रग्रंथांत वर्णिलें आहे. म्हणजे मितत्वाचा दंडक शिष्यांकरितां. गुरूनें स्वतःवर घेतलेला भार निराळा. या मार्गांत ओढाताण नव्हती असें नाहीं. बुरहानुद्दीन यांचीच हकीकत पहावी. म्हातारपणामुळें ते घोंगडी दुहेरी करून तीवर बसूं लागले. कोणी ती गोष्ट गुरूच्या कानीं घातली, तेव्हां हा गादीवर बसण्याचा आव वाटून गुरु रुष्ट झाले. बुरहानुद्दीन शोकानें खंगले; अखेर खुस्रूनें गळ्यांत पागोटें अडकवून अपराध्याच्या वेषानें रदबदली केली, तेव्हां क्षमा झाली. एका घोंगडीच्या घडीवरून एवढें व्हावें, यावरून आराम व अहंकार यांमधली रेषा हे लोक किती बारीक ओढीत तें दिसतें.

५. या मध्यम मार्गाची खरी कसोटी 'समा', म्हणजे ईश्वरभक्तिपर गायनश्रवण, या विषयांत लागली. कर्मठ उलेमांस समा निषिद्ध वाटे. उलटपक्षीं कित्येक भटके फकीर गाण्याच्या नांवाखालीं कोणतीहि मर्यादा मानीत नसत. गझालीनें पूर्वींच निर्णय दिला होता कीं, गायन स्वतः निषिद्ध नाहीं व सर्वत्र विहितहि नाहीं. काळ, स्थळ व सोबती यांवरून तें तसें ठरतें. शेख निजामुद्दीन यांनीं चार गोष्टींची अट घातली. गाणारा प्रौढ पुरुष असावा, मुलगा किंवा स्त्री नसावी. ऐकणाऱ्याचें चित्त ईश्वरस्मरणांत असावें. गाण्याचा मजकूर अश्लील वा थिल्लर नसावा. आणि चंग, रबाब यांसारखीं वाद्यें नसावीं.

घियासुद्दीन तुघलख सुलतानाच्या कारकीर्दींत (इ. स. १३२० ते १३२५) उलेमांनीं तक्रार केल्यावरून भर दरबारांत या विषयाची चौकशी झाली. वृद्ध शेख स्वतः हजर राहिले. वाद बराच वेळ चालला. अखेर सुलतानानें समावर बंदी घातली नाहीं व शेख सन्मानानें परत गेले.

या पार्श्वभूमीवर बुरहानुद्दीन यांचें चरित्र लक्षणीय ठरतें. गुरूच्या शिष्यांत समाचा सर्वांत उत्कट भोक्ता तेच होते. त्यांच्या भावावस्थेंतील नृत्याची धाटणीच निराळी होती व तिला त्यांच्या नांवावरून 'बुरहानी' म्हणत, असें मीर खुर्द सांगतो. असा मनुष्य दौलताबादेस आल्यावर बंधनें सैल होतील असें वाटावें. पण त्यांच्या संग्रहांत समाविषयींच्या नियमांचीच बारकाईनें चर्चा आहे. भाव नसतां भाव आणणें हा त्यांच्या दृष्टीनें दंभ होता. उत्कटता जितकी मोठी तितकी मर्यादेची गरज मोठी, हा त्यांचा अनुभव असावा. मध्यम मार्ग म्हणजे कोमट वृत्ति, असा जो समज आहे तो या एका चरित्रानें खोटा ठरतो.

याच्या दुसऱ्या बाजूस जैनुद्दीन उभे आहेत. ते मूळचे शिराझचे, शास्त्राध्ययन केलेले पंडित. बुरहानुद्दीन यांच्या समासभांवर प्रथम ते टीका करीत असत. पुढें तेच त्यांचे शिष्य व उत्तराधिकारी झाले. टीकाकार पंडितासच आपली गादी द्यावी, यांत गुरूचें औदार्य आहेच. शिवाय शास्त्र व भाव यांची सांगड तुटूं नये ही दूरदृष्टीहि आहे.

६. राजसत्तेविषयींचें धोरण थोडक्यांत सांगतों. याचनेवांचून आलेली भेट, जिला 'फुतूह' म्हणतात, ती घ्यावी व वांटून टाकावी. गांव, जमीन, नेमणूक घेऊं नये. सुलतानाच्या दारीं जाऊं नये. पण बंडहि करूं नये. सुलतान भेटीस येऊं पाहतो असें कळल्यावर, आपल्या घरास दोन दारें आहेत, एकानें तो आंत आला तर दुसऱ्यानें आपण बाहेर जाऊं, असा शेख निजामुद्दीन यांनीं निरोप दिल्याचें प्रसिद्ध आहे. जैनुद्दीन यांच्याविषयीं फिरिश्ता लिहितो कीं, बहामनी सुलतान पहिला महंमदशहा मद्यपान करितो म्हणून शेखांनीं त्याच्याशीं निष्ठेची शपथ घेण्याचें नाकारिलें. ते गुरूच्या कबरीजवळ जाऊन बसले. अखेर सुलतानच नमला व त्यानें राज्यांतील दारूचीं दुकानें बंद करविलीं. फिरिश्ता घटनेनंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं लिहीत होता, हें ध्यानांत ठेवून त्याच्या तपशिलावर फार भार देऊं नये. परंतु शेखांच्या वृत्तीविषयीं त्यांत जी स्मृति टिकली आहे ती मलफुजांशीं जुळती आहे.

७. आतां, हा मार्ग विसरला कसा? पहिलें कारण आर्थिक आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनीं तापीतीरीं बुरहानपूर व समोरच्या कांठीं जैनाबाद हीं गांवें याच दोन शेखांच्या नांवानें वसविलीं व दर्ग्यांस उत्पन्नें लावून दिलीं. पुढें मोगलांनीं तोच क्रम चालविला. जिवंतपणीं ज्यांनीं जमीन नाकारिली त्यांच्या समाधि इनामदार झाल्या. या पालटाची खूण एका आख्यायिकेंत राहिली आहे. बुरहानुद्दीन यांच्या पश्चात् शिष्यांस खर्चास कांहीं उरलें नाहीं, तेव्हां दर्ग्याच्या फरसबंदींतून रुप्याचीं झाडें उगवूं लागलीं व तीं तोडून निर्वाह चालला, असें सांगतात. उद्यांकरितां कांहीं न ठेवण्याचें व्रत व संस्थेच्या खर्चाची काळजी, यांचा मेळ कथाकारानें चमत्कारानें घातला. सतराव्या टप्प्यावर थांबूं नये म्हणणाऱ्या परंपरेची कथा त्या टप्प्यावरच येऊन थांबली.

दुसरें कारण वाङ्मयीन. दिनांकित मलफूज जाड, फारसी व दुर्मिळ. आख्यायिका सुटसुटीत व तोंडीं चालणाऱ्या. राज्यविस्ताराच्या काळांतील लेखकांस संत आपल्या विजयाचे अग्रदूत असावेसे वाटले, म्हणून दरवेशांच्या फौजा निर्माण झाल्या. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरकारांनीं त्या कथा जशाच्या तशा उतरून घेतल्या व तेथून त्या आमच्या पुस्तकांत आल्या. कार्ल अर्न्स्ट यांनीं खुलदाबादच्या मूळ हस्तलिखितांवरून इ. स. १९९२ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हा उत्तरकालीन थर निराळा काढून दाखविला आहे. समकालीन संग्रहांत लढायांस व धर्मांतराच्या उद्योगास जवळजवळ स्थान नाहीं. त्यांतला सर्व भर शिष्याच्या अंतःकरणाच्या शिस्तीवर आहे. याचबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सर्व धर्म सारखेच असें प्रतिपादन करणारे म्हणूनहि हे शेख त्यांत दिसत नाहींत. ते निष्ठावंत सुन्नी मुसलमान होते व त्यांचें मितत्व त्या निष्ठेच्या आंतलें होतें. आपल्या आवडीचा रंग त्यांस कोणत्याच बाजूनें देऊं नये.

औरंगझेबानें इ. स. १६६८ मध्यें दरबारांतील गायन बंद केलें. त्याच बादशहाची, माथ्यावर छत नसलेली साधी कबर जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. म्हणजे ज्यांच्या गुरूनें समास उपासना मानिलें त्यांच्या पायाशीं. हा विरोध वरवरचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. बादशहास शेखांचें वैराग्य ओळखीचें वाटलें असावें. पण त्या वैराग्यास तोलणारी दुसरी पारडी जी भावाची, ती त्याच्या राजनीतींत आढळत नाहीं. एका पारड्यानें तराजू होत नाहीं.

८. शेवटीं संग्राहकांस विनंति. रुक्नुद्दीन काशानीचा 'शमायल-उल्-अत्किया' हा ग्रंथ अडीचशेंहून अधिक पुस्तकांच्या आधारें रचिला असून त्या आधारांची यादी त्यानें ग्रंथारंभींच दिली आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दौलताबादेस कोणतीं पुस्तकें वाचलीं जात होतीं, याची ही अमूल्य नोंद आहे. मीरां याकूब यानें सतराव्या शतकांत या ग्रंथाचें दख्खनींत भाषांतर केलें. या व वर सांगितलेल्या ग्रंथांच्या प्रति, त्यांचीं सुटीं पानें, तसेंच दर्ग्यांच्या इनामासंबंधीं फारसी व मोडी कागद आमच्या प्रांतांतील घराण्यांतून अद्याप पडून असण्याचा संभव आहे. फारसी दप्तर हातीं आलें तर तें आपल्या विषयाबाहेरचें म्हणून रद्दींत घालूं नये. समाप्तिलेखांतील हिजरी सन, लेखकाचें नांव व पानांची संख्या एवढें तरी उतरून घ्यावें, आणि पानें सुटीं करून विकूं नयेत. दिनांक असलेलें एक पान दिनांक नसलेल्या शंभर कथांस भारी असतें. या शेखांस धर्मवीर म्हणावें कीं अवलिये, हा वाद त्यांच्या पश्चात् आलेल्यांनीं उभा केला आहे. त्यांचें स्वतःचें म्हणणें लिहिलेलें आहे, तें अगोदर वाचलें जावें. तूर्त इतकेंच.